हसू उसने, अडचण घरची

केळीचा घड नाशवंत असतो, हे सावद्यात कोणाला शिकवावे लागत नाही. झाडावरून घड उतरला की त्याच्यासाठी एक सबंध व्यवस्था हलू लागते. कापणीची टोळी येते, वजनकाटा येतो, मालमोटार येते किंवा रेल्वेची वाघीण लागते. आणि सातपुड्याच्या पायथ्याचा हा माल दिल्लीच्या बाजारात पोहोचला म्हणजे त्याला पिकण्यासाठी तेथे बंदिस्त, थंड खोलीही तयार असते. त्याच मळ्याच्या मालकाचा मुलगा मात्र बारावी किंवा पदवी संपवून भुसावळला गाडी पकडतो आणि पुण्याला उतरतो, तेव्हा त्याच्यासाठी खोली राखून ठेवलेली नसते. तो दारोदार फिरतो. भाडे किती देणार, हा प्रश्न त्याला बऱ्याचदा दुसरा विचारला जातो. पहिला प्रश्न असतो तो लग्न झाले आहे काय, हा.

या एका प्रश्नावर मराठीतील सर्वांत लाडका धांगडधिंग्याचा चित्रपट उभा आहे. २३ सप्टेंबर १९८८ रोजी प्रदर्शित झालेला, किरण शांताराम यांची निर्मिती आणि सचिन पिळगावकर यांचे दिग्दर्शन असलेला ‘अशी ही बनवाबनवी’ आजही घराघरांत पाहिला जातो. दूरदर्शन संच जाऊन मोबाईल आला, कॅसेटी गेल्या, चित्रपटातील लक्ष्मीकांत बेर्डे, सिद्धार्थ रे आणि सुधीर जोशी हे कलावंतही काळाच्या पडद्याआड गेले; पण ज्यांचा जन्म या चित्रपटानंतर पंधरा-वीस वर्षांनी झाला, ती महाविद्यालयीन मुलेही त्यातील संवाद तोंडपाठ म्हणून दाखवतात. गंमत अशी की, या संवादांपैकी सर्वाधिक लोकप्रिय दोन नीट ऐकले तर ते दोन्ही बिऱ्हाडाचे आहेत. एकात धनंजय माने कोठे राहतात याची चौकशी आहे, तर दुसऱ्यात घरमालकाने औषधासाठी दिलेल्या सत्तर रुपयांचे काय झाले याचा खुलासा आहे. एका पिढीने दुसरीला पत्ता आणि घरमालकाचा हिशेब हेच विनोद म्हणून सोपवावेत, याला केवळ योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही.

कथानक सर्वांना ठाऊक आहे, उजळणीपुरतेच सांगायचे. पुण्यात भाड्याने राहणाऱ्या एका अविवाहिताच्या खोलीत चोरून राहणारी माणसे वाढत जातात आणि घरमालक सर्वांना बाहेर काढतो. पुढे जी जागा मिळण्यासारखी आहे तेथील मालकीण लीलाबाई काळभोर यांना बिऱ्हाडकरू हवे आहेत ते विवाहित जोडपी असलेलेच. चार तरुण आणि बायको एकाचीही नाही. तेव्हा दोघे नवरे होतात आणि दोघे लुगडी नेसतात. सुधीरची सुधा होते, परशुरामाची पार्वती होते. येथून पुढे जे घडते ते घसरणे, धडपडणे, लपणे, पदर सावरणे आणि दार चुकीच्या वेळी उघडणे यांचे अखंड चक्र होय.

हे कथानक मराठीचे नाही, हे मात्र सर्वांना ठाऊक नसते. हृषीकेश मुखर्जी यांनी १९६६ साली ‘बीवी और मकान’ हा हिंदी चित्रपट काढला होता. विश्वजीत, मेहमूद, केष्टो मुखर्जी त्यात होते, संगीत हेमंतकुमारांचे होते. त्याच्याही मागे एक बंगाली विनोदी कथा आहे; तिच्यावरचा ‘जय माँ काली बोर्डिंग’ हा चित्रपट १९५५ सालचा. म्हणजे ज्या हास्याला आपण अस्सल पुणेरी समजतो, ते कलकत्त्याहून निघाले, मुंबईत एक मुक्काम करून मग पुण्यात बिऱ्हाडाला आले. पुढेही ते थांबलेले नाही. २००९ च्या एका हिंदी आणि २०१४ च्या एका पंजाबी चित्रपटात हेच सूत्र सहज ओळखू येते.

यावर शिक्षकांच्या खोलीत एक ठरलेला वाद होतो. एक पक्ष म्हणतो, मग यात आपले काय राहिले? ही तर नक्कल. दुसरा पक्ष मूळ चित्रपट न पाहताच, आपलाच सरस, असा निकाल देऊन चहा मागवतो. दोन्ही पक्ष घाईचे आहेत. नाटकाच्या बाबतीत मराठी माणसाने उसनवारीची कधी लाज बाळगली नाही, आणि बाळगण्याचे कारणही नव्हते. गो. ब. देवलांचे ‘संशयकल्लोळ’ मोलियेरच्या प्रहसनापासून इंग्रजी रूपांतरामार्गे आले. देवलांनी आधी १८९३ मध्ये ते ‘फाल्गुनराव’ म्हणून गद्यात लिहिले आणि १९१६ मध्ये स्वतःचेच नाटक पुन्हा संगीतात घडवले. आज फाल्गुनरावाला कोणी फ्रेंच म्हणेल काय? आचार्य अत्र्यांच्या ‘मोरूची मावशी’चे मूळ ‘चार्लीज आंट’ या १८९२ च्या इंग्रजी प्रहसनात आहे. विजय चव्हाणांनी ती मावशी रंगभूमीवर नाचवली तेव्हा प्रेक्षकांना चार्लीची आठवणही झाली नाही. पुरुषाने लुगडे नेसून रंगमंचावर यावे, ही गोष्ट तर बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला आणि नाच्या-मावशीच्या तमाशाला नवलाची नव्हतीच. ‘बनवाबनवी’चे संवाद वसंत सबनीस यांचे आहेत, ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिणाऱ्या लेखकाच्या हाती हे सूत्र पडले, यातच त्याचे निम्मे मराठीकरण झाले.

तेव्हा प्रश्न उसने घेतले काय, हा नाही. उसने आणलेले बी येथल्या जमिनीत का धरले, हा आहे. त्यासाठी एका परक्या उदाहरणाकडे वळणे सोयीचे ठरेल, कारण तेथे ही गोष्ट अर्ध्या तासाच्या लघुपटात, अगदी उघड्यावर दिसते.

जाड्या-रड्या म्हणून मराठी प्रेक्षकांच्या दोन पिढ्यांनी ज्यांना ओळखले, त्या लॉरेल आणि हार्डी यांनी १९२७ मध्ये ‘हॅट्स ऑफ’ नावाचा मूकपट केला. त्यात ते कपडे धुण्याची यंत्रे विकणारे फिरते विक्रेते आहेत आणि एक यंत्र लांबलचक जिन्यावरून वर नेण्याची यातायात करतात. या चित्रपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पाच वर्षांनी, १९३२ मध्ये, त्यांनी हीच कल्पना पुन्हा घेऊन ‘द म्युझिक बॉक्स’ हा बोलका लघुपट केला. जिना तोच, लॉस एंजेलिस शहरातील १३३ पायऱ्यांचा. ओझे मात्र आता पियानोचे. ऑस्कर पारितोषिकांत लघुपटांचा विभाग त्याच वेळी प्रथम सुरू झाला आणि विनोदी लघुपटाचे पहिले पारितोषिक या चित्रपटाला मिळाले.

चित्रपटाचे समीक्षक या दोन कृतींची तुलना विनोदाच्या अंगाने करतात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तेथे आणखी काही दिसावे. १९२७ हे अमेरिकेच्या भरभराटीचे साल. यंत्रे घरोघर विकली जात होती आणि म्हणून दोन वेंधळ्यांना विक्रेत्याची भूमिका शोभत होती. १९३२ हे महामंदीचे साल. आता हे दोघे काही विकत नाहीत. जवळ उरलेले ३ डॉलर ८० सेंट एवढे भांडवल घालून त्यांनी सामान पोहोचवण्याचा धंदा काढला आहे, असे चित्रपटाच्या सुरुवातीलाच जाहीर केले जाते. विक्रेत्यांचे हमाल झाले! जिना तोच राहिला, पण तो चढणाऱ्याची ऐपत पाच वर्षांत बदलली, आणि ती पडद्यावर उमटली. सावद्याच्या मालधक्क्यावर ज्यांनी घड वाहिले आहेत त्यांना तो पियानो घसरत खाली येताना पाहून जे हसू येईल, त्यात ओझ्याची ओळख मिसळलेली असेल. धडपडीच्या विनोदाला खरे वजन लागते. पियानो पुठ्ठ्याचा आहे अशी शंका आली की हसू संपते.

‘बनवाबनवी’तला जिना म्हणजे पुण्यातील भाड्याच्या खोल्यांचा बाजार. तो पुठ्ठ्याचा नव्हता.

१९८८ मध्ये महाराष्ट्रात १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा अमलात होता. युद्धकाळातील टंचाईत बिऱ्हाडकरूंचे संरक्षण हा त्याचा हेतू स्तुत्य होता, याविषयी दुमत नसावे. परंतु १ सप्टेंबर १९४० च्या भाड्याला जवळजवळ गोठवून ठेवणारी त्याची तरतूद दशकानुदशके तशीच चालू राहिली. धान्य वाढले, पगार वाढले, विटा-सिमेंट वाढले. जुन्या वाड्यातले भाडे मात्र जागचे हलले नाही. ज्याच्याकडे बिऱ्हाड होते त्याने ते सोडले नाही आणि ज्याच्याकडे जागा होती त्याने ती नव्याने द्यायचे टाळले. भर म्हणून १९७३ च्या दुरुस्तीने, त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला परवान्याने जागेत असलेल्यांनाही भाडेकरूचे संरक्षण दिले. त्या दिवशी आत असणाऱ्यांचे भले झाले. पण दाराबाहेर उभे असणाऱ्यांच्या वाट्याला पुढे घरमालकाची धास्ती आली. आज आत घेतलेला माणूस उद्या कायद्याने कायमचा आत राहील, या भीतीने खोलीला कुलूप घालणेच शहाणपणाचे ठरू लागले. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये या गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे म्हटले, आणि त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा होऊन तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. हे सारे लीलाबाईंच्या दारात चौघे उभे राहिल्यानंतरचे.

चित्रपटात कायद्याचा उच्चारही नाही, आणि तो नाही हेच बरे. परंतु ज्या पुण्यात पैसे देऊनही खोली मिळत नव्हती, त्या पुण्याची हवा त्याच्या प्रत्येक दृश्यात आहे. खानदेशाला ती जवळून परिचित होती. जळगावचे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले १९९० मध्ये. त्याआधी सावदा-फैजपूरकडच्या विद्यार्थ्याचे विद्यापीठही पुण्याचेच. गुणपत्रिकेतील दुरुस्ती असो की पुढचे शिक्षण, पुणे हा त्याच्या आयुष्यातला अटळ मुक्काम होता. कोल्हापूरहून आलेल्या सुधीर-परशुरामाची ओढाताण पाहून खानदेशातली मुले ज्या जवळिकीने हसली, तिचे मूळ येथे आहे.

आता घरमालकाच्या बाजूने थोडे बोलले पाहिजे. एरवी त्याला खलनायक करून मोकळे होण्याची आपल्याकडे पद्धत आहे. समोर उभा असलेला तरुण सज्जन आहे की उपद्रवी, वेळेवर भाडे देईल की नाही, हे त्याला दिसत नाही. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. विकणाऱ्याला मोटारीचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा चांगल्या मोटारीलाही वाईटाचीच किंमत देऊ पाहतो आणि चांगल्या मोटारी बाजारातून मागे घेतल्या जातात, असे त्याचे प्रतिपादन होते. पुढे २००१ मध्ये त्याला याच विचारासाठी नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. खोलीच्या बाजारात हेच उलट्या बाजूने घडते. स्वभाव दिसत नाही म्हणून घरमालक दिसणारी खूण मागतो. मंगळसूत्र ही अशी खूण. आडनाव ही दुसरी, आणि ती विचारण्यामागचा हेतू सर्वांना कळतो, उच्चारला मात्र जात नाही. ताटात काय वाढले जाते, ही तिसरी.

जेथे खुणेला किंमत येते तेथे खोटी खूण तयार होतेच. दोन धट्टेकट्टे तरुण दाढी घोटून, पदर घेऊन दारात उभे राहतात, ते या नियमानुसार. त्यांचे सोंग वठते ते अभिनयाच्या जोरावर, हे खरेच. पण लीलाबाईंनी खुणेपलीकडे काही पाहायचेच नाही असे ठरवलेले आहे, हेही तितकेच खरे. आणि खोट्याचा खर्च वाढत जातो. सुरुवातीला लुगडे पुरते. मग आवाज बदलावा लागतो, मग शेजारणींशी बोलावे लागते, आणि अखेरीस पार्वतीला दिवस गेल्याची बतावणी होऊन डोहाळजेवणाचा सोहळा मांडला जातो. हे दृश्य मराठी रूपांतराचा कळस आहे. बंगाली-हिंदीतून आलेले कथानक हिरव्या साडीत, फुलांच्या वाडीत आणि बायकांच्या गाण्यात असे काही बसते की ते कधी बाहेरून आले होते याचा विसर पडावा. एका खोलीसाठी माणसाला कुठवर जावे लागते, याची मोजपट्टीही तेच दृश्य देऊन जाते.

एका ठिकाणी मात्र हा चित्रपट, आणि त्याच्याआधीचाही, पाठ फिरवतो. अविवाहित पुरुषाला खोली मिळण्यासाठी स्त्री होता येते. अविवाहित स्त्रीने काय व्हावे? फैजपूरच्या महाविद्यालयात पहिली आलेली मुलगी पुण्यात परीक्षेच्या तयारीला जाऊ म्हणते, तेव्हा घरात जो विचार होतो तो अभ्यासक्रमाचा कमी आणि राहण्याचा अधिक. खोली मिळाली नाही तर मुलगा मित्राच्या खोलीत जमिनीवर पथारी टाकतो, आणि मुलगी सावद्यालाच राहते. या अडचणीवर प्रहसन रचलेले नाही, कारण तेथे धडपडायलाही जागा नाही.

१९९९ च्या कायद्याने पुष्कळ बदलले. भाड्यात दरसाल चार टक्के वाढ करता येऊ लागली, करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक झाले, मुदतीच्या परवान्यावर जागा देणाऱ्याला ती परत मिळण्याची हमी आली. अकरा महिन्यांचा करार हा शब्दप्रयोग सावद्याच्या पालकांच्याही तोंडी बसला. घरमालकाची कायद्याविषयीची भीती मोठ्या प्रमाणात ओसरली असे मानायला हरकत नाही. तरीही २०११ च्या जनगणनेत देशाच्या नागरी भागात १ कोटी १० लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली, आणि ‘फक्त कुटुंबासाठी’ ही पाटी शहरांतून हटली नाही. कायदा भाडे ठरवू शकतो; लग्नाची अट घालण्यापासून तो घरमालकाला रोखत नाही.

मग सदाशिव पेठेसारख्या भागात ‘कॉट बेसिस’ नावाची सोय उभी राहिली. स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी आलेल्या मुलांना तेथे खोली मिळत नाही, खाट मिळते. एका खोलीत चार-सहा खाटा, प्रत्येकीचे भाडे निराळे, कपाटाचा एक कप्पा, आंघोळीची पाळी ठरलेली. पहिल्या घरमालकाकडे चोरून राहणाऱ्या चौघांचे जे गुपित होते, त्याचाच आता उघड व्यवसाय झाला आहे. सर्व खाटांच्या भाड्याची बेरीज केली तर ती एखाद्या कुटुंबाच्या भाड्याहून जड भरते, हे गणित घरमालकांना अर्थशास्त्र न शिकताही येते.

शासनाने काही केले नाही असे म्हणता येणार नाही. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाची वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. पैसे खात्यावर जमा होतात, आणि ज्याच्या बापाची केळी करप्याने किंवा वादळाने गेली त्याला त्यांचे मोल काय असते, हे सावद्यात सांगावे लागू नये. तथापि खाटा तेवढ्याच ठेवून मुलांच्या हाती पैसे दिले तर त्यातील काही भाग भाडेवाढीच्या रूपाने घरमालकाकडे जाणार, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही मागणी-पुरवठ्याच्या आकृतीत दाखवता येईल. भत्ता हवाच, पण वसतिगृह बांधणे हे त्याहून संथ, खर्चिक आणि उद्घाटनाखेरीज फारशी प्रसिद्धी न देणारे काम आहे. जिल्ह्याच्या शेतमालासाठी शीतगृहांची मागणी ज्या आवाजात होते, त्या आवाजात जिल्ह्याच्या मुलांसाठी पुण्या-मुंबईत वसतिगृहाची मागणी झालेली फारशी ऐकू येत नाही.

‘द म्युझिक बॉक्स’मध्ये एक जागा आहे. पियानो शेवटच्या पायरीवर पोहोचतो, दोघे घामाघूम झालेले असतात, आणि पोस्टमन त्यांना सांगतो की टेकडीला वळसा घालून वरपर्यंत गाडीरस्ता आहे. तेव्हा ते दोघे काय करतात? पियानो पुन्हा सगळ्या पायऱ्या उतरवून खाली आणतात, गाडीत चढवतात आणि रस्त्याने वर नेतात. प्रेक्षक गडबडा लोळतात. सावद्याच्या कित्येक पालकांनी मात्र हे प्रत्यक्ष केले आहे. मुलाला पुण्याला पाठवले, दोन वर्षे भाडे भरले, मग खर्च झेपेना म्हणून परत बोलावले, आणि जळगावला नव्याने सुरुवात करून दिली.

‘बनवाबनवी’चा शेवट गोड आहे. सोंग उघडे पडते, लीलाबाई रागावतात, मग क्षमा करतात, जोड्या जुळतात. फक्त जोडप्यांनाच जागा, ही त्यांची अट मात्र शेवटपर्यंत कोणी मोडीत काढत नाही. चौघांची लग्ने ठरल्यामुळे ती आता त्यांच्या आड येत नाही, इतकेच. पुण्यात खाटेवर राहणारा सावद्याचा विद्यार्थी रात्री दिवा मालवल्यावर मोबाईलवर हे दृश्य पुन्हा एकदा पाहतो, कानात यंत्र अडकवून आणि तोंडावर पांघरूण ओढून, कारण मोठ्याने हसले तर शेजारच्या खाटेवरचा जागा होतो.